एका सहीत दोनशे अठरा

२ सप्टेंबर, मंगळवार

आज न्यायालयात केक कापला. वाढदिवस कोणाचाच नव्हता. या वर्षी अकरा हजार अर्ज निकाली निघाले, त्याचा आनंद! केकवर चॉकलेटने आकडा काढला होता, आणि शेवटचं शून्य कोणाच्या ताटलीत जाणार यावरून हसणं-खिदळणं चाललं होतं. अकरा हजार माणसांनी आपापल्या देशात कुठेच दाद लागली नाही म्हणून आम्हाला लिहिलं. त्यातल्या दहा हजारांच्या वर लोकांना आम्ही एक पान पाठवलं — आपला अर्ज दाखल करून घेता येत नाही. त्याचा केक. शी!

निबंधकबाई, म्हणजे आमच्या कचेरीच्या मुख्य, सुरी घेऊन अशा उभ्या होत्या की जणू त्यांच्याच घरचं कार्य. मला मोठा तुकडा दिला. म्हणाल्या, यादीची पद्धत तुम्हीच तर रुळवलीत. खरं आहे. कचेरी अर्ज चाळते, टाकाऊ वाटतील त्यांची यादी करते, एक न्यायाधीश यादीखाली एक सही करतो. यादीतले सगळे गेले. मी नवी होते तेव्हा या कामाला कोणी आपणहून हात लावत नसे. मी लावला. त्या वर्षीही केक आला होता — बहुधा पहिलाच. तेव्हा मजा वाटली होती.

आज गुपचूप खाल्ला. गोडमिट्ट. घरी येऊन दोनदा चूळ भरली.

३ सप्टेंबर, बुधवार

टेलरची फाईल माझ्याकडे आली. खंडपीठ सात जणांचं, पण फाईल खऱ्या अर्थाने एकच जण वाचतो, ज्याला मसुदा लिहायचा असतो तो. बाकीचे मसुदा वाचतात. काही तेवढेही कष्ट घेत नाहीत.

टेलर म्हणजे अर्जदार. वय अडुसष्ट. शाळांचे गणवेश शिवतो. एकुलता एक मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. नऊ वर्षांपूर्वी ५ एप्रिलला एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत असताना पोलिसांनी त्याला वर बोलावलं आणि नेलं. त्याच इमारतीत कोणा बड्या माणसाकडे चोरी झाली होती. एक्केचाळीस दिवस कोठडी. १५ मे रोजी गेला. कागदावर हृदयविकार. वय चोवीस! फाईलमध्ये फोटो आहेत, तळपायांचे. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

सरकारचं म्हणणं काय? आम्ही मारलं नाही, एवढं म्हणायचीही तसदी घेतलेली नाही. फक्त — अर्ज उशिरा आला. तिथल्या न्यायालयाने सात वर्षांपूर्वीच प्रकरण बंद केलं होतं, तेव्हापासून सहा महिन्यांत इथे यायला हवं होतं. त्यानंतर टेलर चौकशी आयोगाकडे गेला, फेरविचाराला गेला, सगळ्यात वरच्या न्यायालयात गेला, ते व्यर्थ होतं आणि हे त्याला समजायला हवं होतं. म्हणजे आमच्याकडे न्याय मिळत नसतो हे तू वेळेवर का ओळखलं नाहीस, असं सरकार सहीशिक्क्यानिशी विचारतंय! इतका कोडगेपणा मी आजवर पाहिला नव्हता, आणि कोडगेपणा पाहण्यात माझी हयात गेली आहे.

यावर टेलरचं उत्तर अर्जाच्या सातव्या परिच्छेदात. मुलगा कोठडीत असतानाच, १४ एप्रिलला, त्याने आमच्याच न्यायालयाला पत्र लिहिलं होतं. मुलाला एकदा डॉक्टरने तपासावं, एवढंच मागितलं होतं. बारा दिवसांत उत्तर मिळालं, एक पान. आधी तुमच्या देशातले सगळे मार्ग संपवा, मग या. "मी संपवले," असं त्याने लिहिलंय. दोन शब्द.

म्हणजे आम्हीच त्याला दारोदार पाठवलं, आणि आता विचारायचं, इतकी दारं कशाला ठोठावलीस!

चौकशी केली. पहिल्या पत्राचा मागमूस नाही. फेटाळलेल्या अर्जांच्या फायली वर्षभराने यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करतात. जागा नाही म्हणून. नियमच आहे. आता ते एक पान असलं तर टेलरकडेच. सही कोणाची असेल याचा मात्र मला अंदाज आहे. त्या वर्षी तिकडच्या देशांच्या याद्या मुत्सद्द्याकडे होत्या. हा आमच्यातला जुना राजदूत, न्यायाधीश होण्याआधी वीस वर्षं नुसता हात मिळवत हिंडला. न वाचता सही करणं त्याच्या रक्तातच आहे.

रागाच्या भरात मसुद्यातला परिच्छेद ३१ आधीच लिहून टाकला. "हे उत्तर देणाऱ्याने अर्ज वाचला नव्हता असेच मानावे लागते. वाचून असे उत्तर देणे माणसाला शक्य नाही." लिहून बरं वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार

अण्णांची नखं कापली. बोटं अजून शाईची वाटतात.

अण्णा एकोणनव्वद वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं कनिष्ठ न्यायालयात आवक-जावक कारकून. खिडकीत बसायचे. आलेल्या कागदावर शिक्का, क्रमांक, आणि समोरच्याच्या हातात पोच. वाचल्याशिवाय शिक्का मारत नसत. साहेब करवादायचे, तुमचं काम शिक्का मारायचं आहे, वाचायचं नाही. अण्णा मुकाट ऐकून घ्यायचे आणि वाचायचे. रांग लांबायची. बढती कधी मिळाली नाही. लहानपणी मला त्या खिडकीची लाज वाटायची. मी ठरवलं होतं, आपण खिडकीच्या आत बसायचं नाही, वरच्या मजल्यावर बसायचं.

बसले. वकील झाले, न्यायाधीश झाले. पोलिसांविरुद्ध एक निकाल दिला तर बदली झाली — असल्या गावी, जिथे कोर्टाच्या छपरावर माकडं जास्त आणि खाली पक्षकार कमी. त्याच निकालामुळे पुढे इथे निवड झाली. आता हे दहावं वर्ष. अध्यक्ष निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी माझं नाव चालू आहे. दुसरं नाव मुत्सद्द्याचं. रोज जेवणाच्या टेबलावर तो एकेका न्यायाधीशाच्या खांद्यावर हात ठेवतो. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचा गुडघा, सगळं तोंडपाठ.

अण्णांना टेलरचं सांगितलं. तपशील गुप्त असतात, पण अण्णा कोणाला सांगणार? त्यांनी एकच विचारलं — त्या पहिल्या कागदाची पोच त्याला मिळाली होती का?

१७ सप्टेंबर, बुधवार

सुनावणी.

सरकारी वकील बोलायला उभा राहिला तो चाळीस मिनिटं. सुरेख सूट, सुरेख आवाज. "दिवंगत व्यक्ती" म्हणत होता. मुलाचं नाव एकदाही घेतलं नाही. मुत्सद्दी मान डोलावत होता. शेजारचे प्राध्यापक (हे नियमांवर चार जाडजूड पुस्तकं लिहून बसलेत) कागदावर चौकोन काढत होते. एकात एक, एकात एक.

टेलर पहिल्या बाकावर, अंगात स्वतः शिवलेला कोट. हे मला लगेच कळलं, कारण दालनात तेवढाच एक कोट खांद्यावर नीट बसला होता. मांडीवर प्लास्टिकची फाईल. दुभाष्याचं बोलणं ऐकायचं यंत्र त्याने कानाला उलटं लावलं होतं. कोणी सांगितलंही नाही, शेवटी त्याच्या वकीलबाईंनी फिरवून दिलं. फाईलमध्ये मुलाचं सगळं आहे म्हणे — लसीकरणाचं कार्ड, शाळेची प्रगतिपुस्तकं, लिफ्टच्या कोर्सची पावतीसुद्धा.

अध्यक्षांनी विचारलं, या न्यायालयाचं ते पहिलं पत्र तुमच्याकडे आहे का? टेलरचा हात फाईलवर गेला. वकीलबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. सात जणांमधून नेमकं माझ्याकडे! बिचारा, आधार शोधत असणार. मी त्याला धीर द्यायला हलकेच मान डोलावली.

तो म्हणाला, "शोधावं लागेल."

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरकारी वकील लिफ्टमध्ये भेटला. छान दिवस आहे म्हणाला. लिफ्टमध्ये!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बंद दाराआड चर्चा. आमच्याकडे सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश आधी बोलतो, म्हणजे ज्येष्ठांच्या दडपणाखाली येऊ नये. फार सुंदर प्रथा. कनिष्ठ न्यायाधीश तोंड उघडण्याआधी मुत्सद्द्याकडे बघतो, एवढं सोडलं तर.

तीन विरुद्ध तीन. प्राध्यापक म्हणाले, मुदतीचा नियम एकदा सैल केला की धरण फुटेल. मी म्हटलं, धरणाच्या खाली कोण राहतंय ते एकदा बघून या. कोणी हसलं नाही. मुत्सद्दी म्हणाला, आपल्या ताईंचं मन फार मोठं आहे. ताई! माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे हा.

सातवं मत अध्यक्षांचं. ते साधे सरळ गृहस्थ. म्हणाले, कागद आणा, मत देतो. न्यायालयानेच त्याला तिकडे पाठवलं असेल तर उशीर त्याचा नाही. पण कागदाशिवाय मी कशावर विश्वास ठेवू? टेलरला १० ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. परिच्छेद ३१ तोवर बाजूला ठेवा म्हणाले. ठेवला.

एक पान. सगळं एका पानावर येऊन अडलंय.

२४ सप्टेंबर, बुधवार

मुत्सद्द्याने कॉफीला बोलावलं. गेले, कारण नाही म्हटलं तर घाबरले असं वाटलं असतं.

आधी अण्णांची तब्येत. मग माझा खोकला. मग हळूच — टेलरच्या प्रकरणात इतकं ताणू नका. अर्ज मुदतबाह्य ठरला तरी तुम्ही भिन्नमत लिहालच, ते गाजेल, निवडणुकीत उपयोगच होईल. वेळ आली तर मी नाव मागेही घेईन. माणूस मेलाय आणि हा मला त्याचा उपयोग सांगतोय! उठत होते तेवढ्यात खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तो कागद सापडला नाही तर सगळ्यांचंच बरं होईल. जुन्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या असतात, कुणाला आठवतं?"

घाबरलाय! सही त्याचीच. मी खांदा झटकून आले. आल्यावर जॅकेट धुवायला टाकलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

वकीलबाईंचं उत्तर. "अर्जदाराने कसोशीने शोध घेतला, सदर पत्र अद्याप मिळून आलेले नाही."

इतका संताप आला, टेलरचाच. मुलाच्या दुसरीतल्या गुणपत्रिका जपल्या आणि हे हरवलं? मी इथे सहा जणांशी एकटी भांडतेय, शत्रू करून घेतेय, आणि याला एक कागद सांभाळता येत नाही! लोक असे असतात. आपण त्यांच्यासाठी जीव काढायचा आणि त्यांनी ऐन वेळी हात वर करायचे.

हे वाक्य खोडावंसं वाटतंय. राहू दे. वही माझीच आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

अण्णांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. मग म्हणाले, "एवढे कागद जपणारा माणूस नेमका तोच हरवेल? हरवला नाही गं. त्याने तो दाबून ठेवलाय. खिडकीत बसून एवढं तर शिकलो. माणूस कागद दाबतो तो कोणाच्या तरी भीतीने नाही तर कोणाच्या तरी भल्यासाठी. कोणाच्या ते बघ."

मी म्हटलं, वकीलबाईंनी काहीतरी डाव केला असेल. अण्णा म्हणाले, चहा कर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

अध्यक्षपदाच्या उमेदवारीचा छापील अर्ज भरत होते. रकाना सहा — न्यायालयाच्या कामकाजातील विशेष योगदान. पहिल्या वर्षीच्या याद्या आठवल्या. चार हजारांच्या वर काहीतरी आकडा होता. नेमका हवा म्हणून निबंधकबाईंना विचारलं. त्यांना आनंदच झाला. फायली नसल्या तरी याद्यांचा तक्ता आहे म्हणाल्या, नावं नाहीत, फक्त महिना, देश, किती अर्ज, कोणाची सही. दहा मिनिटांत त्यांनी स्वतः आणून दिला. एकूण ४,३१२. अर्जात लिहिला. तक्ता मिटता मिटता मुत्सद्द्याचा रकाना बघू म्हटलं. पुरावाच हातात आला होता ना!

टेलरच्या देशासमोर मार्च ते जून मुत्सद्द्याचं नाव नाही. "रजा — प्रकृती." त्या चार महिन्यांपुरते त्याचे देश दुसऱ्या न्यायाधीशाकडे दिले होते. विसरलेच होते मी. आता आठवलं. मी स्वतः हात वर केला होता. नवी होते, चुणूक दाखवायची होती.

एप्रिलमध्ये त्या देशाची एकच यादी. तारीख २४. अर्ज २१८. सही एक.

माझी.

टेलरचं पत्र १४ तारखेचं, उत्तर २६ला हातात. दुसरी कुठलीही यादी असणं शक्य नाही. मी तीनदा बोट ठेवून बघितलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सही केली तेव्हा तो जिवंत होता. पुढे एकवीस दिवस होता.

५ ऑक्टोबर, रविवार

ती दुपार आठवायचा प्रयत्न करतेय. नऊ वर्षांपूर्वीचा २४ एप्रिल. काही नाही. रडू आलं असतं, डोकं दुखलं असतं, खिडकीबाहेर काही दिसलं असतं, काहीच नाही. एवढंच आठवतं की तेव्हा याद्या जेवणानंतर येत. कचेरीतला माणूस गठ्ठा ठेवायचा. मी विचारायचे, यात बघण्यासारखं काही? तो म्हणायचा, नाही, सगळे नेहमीचेच. मग मी सही करायचे. जोरकस, खाली दोन ठिपके देऊन. सहीचा मला तेव्हा अभिमान होता.

दोनशे अठरा. बाकीचे दोनशे सतरा कोण होते? त्यांच्या तर चिंध्याही उरल्या नाहीत.

सगळ्यात जास्त किळस कशाची येतेय? त्या मान डोलावण्याची! टेलरला सगळं माहीत होतं. त्या पानावर खाली यादीवरच्या सहीची छापील नक्कल असते, तिच्याखाली माझं नाव, आणि सुनावणीत माझ्यासमोर तेच नाव पाटीवर. अध्यक्षांनी कागद मागितला तेव्हा तो फाईलमध्येच होता, हाताखाली. वकीलबाईंनी हिशेब केला असणार, ही एकटी आपल्या बाजूने भांडतेय, कागद काढला तर त्यावरच्या सहीमुळे हिलाच खंडपीठातून उठून जावं लागेल. म्हणून मनगट धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं ते आधारासाठी नव्हे. विचारायला — बाई, आतच राहू देऊ ना? आणि मी मान डोलावली. त्याला वाटलं असेल, मी सांगतेय, समजलं ना, नको काढू.

ज्याच्या मुलासाठी मी डॉक्टर पाठवला नाही, तो माणूस मला सांभाळून घेतोय.

परिच्छेद ३१ पुन्हा वाचला. चांगलं लिहिलंय. एक शब्दही बदलावा असं नाही.

कपाटात तो जुना केकचा फोटो सापडला. मी मध्ये, हातात सुरी. मुत्सद्दी कडेला, आजारातून उठलेला, खांदे पडलेले. एवढ्या माणसांत हसत नसलेला तो एकटाच. त्याच्याबद्दल इथे इतकी पानं खराब केली मी! तो कॉफीवर घाबरला नव्हता. त्याला पक्कं आठवत होतं. मला वाचवत होता, त्याच्या पद्धतीने, किंमत लावून. त्याचीही किळस येतेच. पण आता त्याला माझ्याच शेजारी उभं करावं लागतंय, आणि तो कुठे बुटका दिसत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस स्वतःशी वाद घातला. माझी बाजू मीच मांडली आणि फार छान मांडली. सरकारी वकिलाला जमलं नसतं इतकी छान.

मी गप्प राहिले तर कागद येत नाही. अध्यक्ष विरुद्ध जातात. तीन-चार. टेलर हरतो. पण मी भिन्नमत लिहिते, ते गाजतं, विद्यापीठांत शिकवतात. मी अध्यक्ष होते. मग यादीची पद्धतच बंद करते. हजारो लोकांचं भलं होतं. एका टेलरच्या बदल्यात हजारो, वाईट सौदा नाही. हे सगळं अंघोळ करताना सुचलं आणि खरंच पटलं. पाच मिनिटं तरी पटलं. मग लक्षात आलं, हे मुत्सद्द्याचं कॉफीवरचं बोलणं आहे, शब्द तेवढे माझे.

आणि मी उठून गेले तर? माझ्या जागी कोण येईल, माहीत नाही. फाईल कदाचित प्राध्यापकांकडे जाईल. ते चौकोन काढतील. अध्यक्ष शब्द पाळतीलही, पण उरलेले दोघं माझ्यामागे टिकतील का? मी गेले आणि तरीही टेलर हरला तर? कारकीर्द गेली, निवड गेली, आणि त्याच्या हातात पुन्हा एक पान.

संध्याकाळी अण्णांजवळ बसले. सगळं सांगितलं. सही, तारीख, केक. वाटलं, समजूत काढतील, तू नवी होतीस म्हणतील. मला तेच ऐकायचं होतं. लहानपणी शाळेत चूक झाली की तेच म्हणायचे.

अण्णा म्हणाले, "वाचलं नव्हतंस?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. चाळीस वर्षं साहेबांची बोलणी खाल्ली त्यांनी, रांग लांबवली, बढती घालवली. कशासाठी ते मला कळतं, असं त्यांना माझ्याबद्दल वाटत होतं. जेवले नाहीत. मीही नाही.

उमेदवारीचा अर्ज उद्या दुपारी बारापर्यंत द्यायचा आहे. रकाना सहा तसाच आहे, ४,३१२. टेबलावर पडलाय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बुधवारी सकाळी खंडपीठातून माघार घेतली. कारण स्पष्ट लिहून, एक पान, एक सही. पक्षकारांना त्याच दिवशी कळवलं गेलं. उमेदवारीचा अर्ज दिला नाही. परिच्छेद ३१ खोडला नाही, मसुद्यात परत घालून फाईलबरोबर पाठवला.

आज मुदतीचा शेवटचा दिवस. चार वाजता टेलर स्वतः आवक खिडकीवर आला. कागद हरवला नव्हता. निबंधकबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, आणि तेवढंही सांगायला नको होतं. मी विचारलं, त्याला पोच दिलीत? दिली म्हणाल्या.

मला तो कागद आता बघता येणार नाही. खाली दोन ठिपके आहेत.